तीन बोटांचे सिद्रामअप्पा

सोलापुरातल्या कर्करोगविरोधी चळवळीचा पाया सिद्रामअप्पांनी घातला, असं एका मानपत्रात छापलेलं मी वाचलं आहे. पायाचं मला माहीत नाही. अप्पांनी माणसांना स्वतःच्याच तोंडात स्वतःची तीन बोटं घालायला लावलं, एवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती बोटं माझी होती.

आम्ही विजापूर रोडच्या मागच्या एका सोसायटीत राहायला आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी पाण्याचा वार होता. सोलापुरात पाणी रोज येत नाही. त्यामुळे ते येतं त्या सकाळी सगळी सोसायटी खालच्या नळाशी असते आणि ओळखीपाळखी तिथेच होतात. मी दोन बादल्या घेऊन उभा होतो. एक उंच म्हातारा समोर आला. पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि डावा गाल कुणीतरी आतून ओढून धरल्यासारखा खोल गेलेला.

"बादल्या ठेवा खाली. तोंड उघडा."

"का?"

"उघडा की. तीन बोटं घाला. उभी."

"कुणाची?"

"तुमचीच की ओ! माझी कशाला घालू?"

नव्या जागेत माणूस उगाच वाद घालत नाही. मी बोटं घातली. ती गेली. वेळेवर सुटणाऱ्या गाडीकडे बघावं तसं अप्पांनी माझ्या तोंडाकडे समाधानानं बघितलं आणि म्हणाले, "पास. आता नाव सांगा."

सुपारी, गुटखा, मावा यांनी गालाच्या आतली कातडी हळूहळू चामड्यासारखी घट्ट होते, जबडा आखडतो, तीन बोटं उभी जाईनाशी होतात, आणि पुढे अशाच तोंडात कॅन्सर बसण्याची भीती असते, हे मला नंतर कळलं. त्या सकाळी एवढंच वाटलं की इथे भाडेकरूंची निवड फार कडक आहे.

अप्पा एसटीत कंट्रोलर होते. उभी नोकरी फलाटावर आणि माइकवर गेली. त्या नोकरीत ते मावा खायला शिकले. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना एकत्र चोळायचा, गोळी डाव्या गालात ठेवायची आणि उजव्या बाजूनं अक्कलकोट, दुधनी, गाणगापूर पुकारायचं. कंट्रोलरचं अर्धं तोंड प्रवाशांचं असतं आणि अर्धं स्वतःचं, असं ते सांगत. स्वतःच्या अर्ध्यात एक दिवस फोड आला. अप्पांनी उष्णता म्हणून गुलकंद खाल्ला. मग सब्जा प्यायला. मग दाढ टोचते म्हणून दाढ काढून घेतली. दाढ गेली, फोड राहिला. शेवटी शेंगाची चटणी झोंबायला लागली, तेव्हा त्यांनी चटणीवाला बदलला.

डॉक्टरांपर्यंत पोचले तोवर जबड्याचा एक तुकडा काढावा लागला. गालाला पडलेलं भोक बुजवायला छातीची कातडी आणून लावली. ऑपरेशन चांगलं झालं. फक्त छातीवरची कातडी छातीवरची सवय विसरली नाही. काही महिन्यांनी अप्पांच्या तोंडात केस उगवले. "डॉक्टरला इचारलं," ते सांगायचे, "म्हटलं, साहेब, न्हाव्याकडं गेलो तर दोन्ही दाढ्यांचं वेगवेगळं घेईल की ओ!"

पुढे शेक, म्हणजे रेडिएशन, घेतले. त्याचं वर्णन त्यांच्याइतकं नेमकं मी कुठल्याही माहितीपत्रकात वाचलेलं नाही. "शेक म्हंजे मे महिन्यात भर दुपारी लाल गाडीच्या खिडकीला बसणं. बसल्यावर काय कळत न्हाय. घरी आल्यावर कळतं." तोंड कोरडं पडलं, जिभेची चव गेली आणि सावकाश परत आली. कडक भाकरी मात्र कायमची सुटली. सोलापुरातल्या माणसाची ही शिक्षा बाहेरच्यांना समजणार नाही.

बरे झाल्यावर अप्पांनी गावाला समजावण्याचं काम अंगावर घेतलं. त्यांची भाषा स्टँडचीच राहिली. "जी जखम पंधरा दिसांत सुटत न्हाय ती मुक्कामी गाडी समजायची. तिला हलवायला डॉक्टरच लागतो." पांढरा किंवा लाल चट्टा, हलायला लागलेला दात, मानेतली गाठ, बसलेला आवाज, या सगळ्या त्यांच्या मते फलाटावरच्या घोषणा होत्या. आपण कानात बोळे घालून बसायचं आणि मग गाडी चुकली म्हणून कंट्रोलरला शिव्या द्यायच्या. "आन् एक लक्षात ठेवा. सोलापूरच्या माणसाला चटणी तिखट लागली तर चटणीवाला बदलायचा न्हाय. डॉक्टर गाठायचा."

असा माणूस सापडल्यावर गावातल्या संस्था त्याला सोडणार नव्हत्या. कर्करोग दिन, तंबाखूविरोधी दिन, कुणाचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांची पुण्यतिथी, सगळीकडे अप्पा 'कर्करोग विजेते' म्हणून व्यासपीठावर बसू लागले. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मान्यवरांचा परिचय, मान्यवरांचा परिचय करून देणाऱ्याचा परिचय, आणि मग अप्पांना फेटा, शाल, श्रीफळ. कार्यक्रम संपला की अर्धे कार्यकर्ते मांडवामागे मावा चोळायला जात. अप्पा तिथेही जात आणि बोटं मोजून येत.

एकदा त्यांनी हा प्रयोग व्यासपीठावर, प्रमुख पाहुण्यांवर केला. पाहुणे युवा नेते होते. हातात शाल घेऊन उभे होते. अप्पा म्हणाले, "शाल नंतर. आधी तीन बोटं." लोक हसले. नेतेही हसले आणि घालून बघितली. दोन गेली. तिसरं बाहेर राहिलं. सभागृहात हशा वाढला. अप्पा तेवढे हसले नाहीत. "उद्या सकाळी तुमच्या घरी येतो," ते हळू आवाजात म्हणाले, पण माइक चालू होता. त्यानंतर त्या नेत्यांच्या एकाही फलकावर अप्पांचा फोटो आला नाही. नेते मात्र मागच्या दारानं डॉक्टरांकडे जाऊन आले, मावा सोडला आणि पुढच्या निवडणुकीत भाषण करण्याइतकं तोंड त्यांना उघडता आलं. हे अप्पांचं यश मानायचं की नाही, यावर सोसायटीत दोन मतं होती.

घरी या कीर्तीचा परिणाम वेगळा होता. अप्पांच्या पत्नी महादेवीअक्का ठेंगण्या, गोल, दुधनीकडच्या. आमच्याशी मराठीत बोलायच्या आणि अप्पांवर चिडल्या की कानडीत जायच्या. त्यांनी सत्काराच्या शाली मिक्सर, टीव्ही, शिलाई मशीन आणि पाण्याच्या पिंपावर घातल्या होत्या. त्या घरात उघडी वस्तू उरली नव्हती. अप्पांच्या भाषणाला त्या पहिल्या रांगेत बसत, कारण आयोजक बसवत, आणि बसल्या बसल्या डुलकी काढत. अप्पा घरात भाषणाच्या सुरात बोलायला लागले की त्या फक्त "साकु" म्हणत. साकु म्हणजे पुरे. ऑपरेशननंतर अप्पांना कोणी थांबवू शकलं असेल तर या एका शब्दानं.

अक्कांच्या हातचं तिखट सोसायटीत प्रसिद्ध होतं. त्यांनी आमटीची वाटी पाठवली की आम्ही आधी पाण्याचा तांब्या भरून ठेवायचो. मग एका उन्हाळ्यात वाटी आली आणि तांब्या भरलेलाच राहिला. पुढची वाटीही तशीच. अप्पा नळावर तक्रार करू लागले. "मिरचीत काय राहिलं न्हाय बघा. रंग तेवढा लाल. सगळी भेसळ." त्यांनी मिरचीवाला बदलला. दुधनीहून मिरची मागवली. ती खाऊन म्हणाले, "दुधनीबी बिघडली."

त्याच सुमारास शहरातल्या एका मंगल कार्यालयात महिलांसाठी शिबिर होतं. एक तरुण डॉक्टरीणबाई बाजूच्या खोलीत बायकांची तोंडं तपासणार होत्या आणि त्याआधी अर्थातच अप्पांचा सत्कार होता. त्यांच्या डोक्याला फेटा बांधण्याचं काम चालू होतं, पण वेळ थोडा होता म्हणून निवेदकानं त्यांना तसंच माइकसमोर उभं केलं. मागे एक कार्यकर्ता फेट्याचं टोक धरून उभा.

"तिसरी खूण," अप्पा सांगत होते, "तिखट सोसत न्हाय. काल खाल्लं ते आज झोंबतं. गडीमानूस आसंल तर घर डोक्यावर घेतो. बाईमानूस काय करती? बोलत न्हाय. गुमान आमटीत तिखट कमी टाकती, आन्..."

अप्पा थांबले.

माइक बंद पडला असं समजून माइकवाला धावत आला आणि "हॅलो, हॅलो" म्हणून बघून गेला. माइक चालू होता. अप्पा पायऱ्या उतरून पहिल्या रांगेकडे निघाले. फेट्याचं टोक धरलेला कार्यकर्ताही निघाला, कारण सोडावं की नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अक्का जाग्या झाल्या.

"तोंड उघड."

"हितं? सगळ्यांपुढं?"

"उघड म्हणतो की."

"घरी बघू."

"घरी बघितलं न्हाय म्हणून तर हितं बघाय लागलोय!"

अक्कांनी तीन बोटं घातली. ती आरामात गेली. अप्पांचा चेहरा सैल झाला, ते परत फिरले. तेवढ्यात डॉक्टरीणबाई पुढे आल्या आणि टॉर्च लावून म्हणाल्या, "काकू, गाल जरा बाहेर ओढा." आत, खालच्या दातांच्या शेजारी, नखाएवढा पांढरा चट्टा होता. कडेला लालसर. बोटं सगळंच सांगत नाहीत, हे अप्पांना त्या दिवशी कळलं.

"काकू, तंबाखू खाता?"

"छ्या! आमच्या घरात तंबाखूचं नाव काढायचं न्हाय."

"मशेरी?"

"ती लावते की. दात नको का घासायला?"

"दिवसातून किती वेळा?"

"सकाळी उठल्यावर. जेवल्यावर. दुपारचा च्या झाला की. निजताना."

"एवढ्या वेळा दात घासता?"

"आमच्यात स्वच्छतेची आवड हाय," अक्का म्हणाल्या.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू, तिची पूड. हे अप्पांना ठाऊक होतं. पण ती न्हाणीघरातल्या फळीवर, खोबरेल तेलाच्या बाटलीशेजारी असे, आणि त्या फळीवरची वस्तू कुणी व्यसनात धरत नाही. ज्या घरात बसून अप्पा तंबाखूविरोधी भाषणं पाठ करत, त्याच घरात दर आठवड्याला तव्यावर तंबाखू भाजली जात होती. धुरानं ठसका लागला की अप्पा उठून खिडकी उघडत आणि पाठांतर पुढे चालू ठेवत.

डॉक्टरीणबाईंनी चट्ट्याचा लहानसा तुकडा काढून तपासायला हवा असं सांगितलं. तो साधाच निघू शकतो, कॅन्सर व्हायच्या आधीची पायरी निघू शकते, कॅन्सरही निघू शकतो. बघितल्याशिवाय कळणार नाही आणि वाट बघण्यात फायदा नाही. अक्का नाही म्हणाल्या. सुरी-सुईचं लोखंड लागलं की कॅन्सर पसरतो, असं त्यांनी सांगितलं. सोसायटीतल्या बायकांनीही दुजोरा दिला. प्रत्येकीच्या माहेरी लोखंड लागून पसरलेलं कुणी ना कुणी होतं. त्यांच्यापैकी कुणी वर्षभर गाठ लपवून मग डॉक्टरांकडे गेलं होतं, याची चौकशी कुणी केली नव्हती. अप्पांनी घरी भाषण केलं. "साकु," अक्का म्हणाल्या.

पुढच्या पाण्याच्या दिवशी अप्पा खाली आले, कुणालाही तोंड उघडायला न सांगता बादली भरली आणि वर गेले. सोसायटी घाबरली. दोन कार्यक्रमांची निमंत्रणं त्यांनी परत पाठवली. संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि बराच वेळ पंख्याकडे बघत बसले.

"सगळ्या गावाची तोंडं बघितली ओ," ते म्हणाले. "जी रोज समोर बसून जेवती, तिचं तेवढं ऱ्हायलं. चला तुमी. तुमी शिकल्याली माणसं. तुमचं ऐकंल."

शिकलेल्या माणसाचं कुणी ऐकतं, हा अप्पांचा गैरसमज होता, पण गेलो. अक्का शेंगा सोलत होत्या. मी लोखंडाबद्दल दोन वाक्यं बोललो असेन. त्यांनी मला हातानं थांबवलं.

"तुमच्या अप्पाच्या तोंडाला लोखंड लागून किती वर्सं झाली?"

"झाली की बरीच."

"कॅन्सर पसरला?"

"नाही."

"मग काय पसरलं?"

मी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी शेंगांकडे.

"बोलणं पसरलं," अक्का म्हणाल्या. "सुईचं भ्या न्हाय मला. लोखंडाचं मी बायकांस्नी सांगाय म्हणते, त्यास्नी पटतं. मला भ्या हाय त्या बोर्डाचं. उद्या चौकात माझा फोटो लागंल, वाढदिवसाच्या बोर्डाशेजारी, 'कर्करोग विजेती' म्हणून. फेटा बांधतील. ह्यांच्या शेजारी खुर्चीवर बसवतील आन् लोकं माझा गाल बघतील. तसं व्हायचं आसंल तर हाय तसं ऱ्हाऊ दे."

अप्पांनी एक शेंग उचलून सोलली. मग म्हणाले, "न्हाय लागणार बोर्ड."

"सिद्धेश्वराची शपथ घ्या. कुठल्या सभेत माझं नाव काढायचं न्हाय."

अप्पांनी शपथ घेतली. जबड्याच्या ऑपरेशनला त्यांनी याहून लवकर होकार दिला असावा.

तुकडा काढला. रिपोर्टला आठवडा लागणार होता. त्या आठवड्यात अप्पा रोज दुपारी स्टँडवर जाऊन बाकावर बसायचे. एकदा मीही गेलो. समोर दुधनीची गाडी लागायची होती आणि लागत नव्हती. एक बाई पिशवी घेऊन पुन्हा पुन्हा चौकशीच्या खिडकीशी जात होती.

"गाडी लेट झाली की लोकं मलाच इचारायची," अप्पा म्हणाले. "मी म्हणायचो, यील की, बसा. यील का न्हाय, ते मलाबी म्हाईत नसायचं. पर एवढ्या खात्रीनं सांगायचो की लोकं बसायची." मग म्हणाले, "घरी तिनं इचारलं. मला सांगता येत न्हाय."

त्यांच्या आत गेलेल्या गालावरून घाम ओघळत होता.  गाडी आली. बाई चढली.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. पण पेशी बदलायला लागल्या होत्या; असंच राहिलं असतं तर तिथवर जायला वेळ लागला नसता. अप्पांनी मला समजावलं, "गाडीला पाटी लागली हुती. सुटली न्हवती." चट्टा काढून टाकला. मशेरी बंद झाली, आणि ती बंद करताना अक्कांनी जो आरडाओरडा केला तो सगळा कानडीत असल्यानं आम्हाला नीट कळला नाही. पुढचे काही महिने त्या बडीशेप चावत आणि अप्पांशी भांडत. जखम भरली. आमटीच्या वाटीबरोबर आमच्याकडे पुन्हा तांब्या भरला जाऊ लागला.

अप्पांनी शपथ पाळली. भाषणात ते फक्त एवढंच म्हणत, "आमच्या वळखीची एक बाई हाय, मशेरी लावायची." सगळं सभागृह पहिल्या रांगेकडे बघे. अक्का छताकडे बघत. पण मशेरीचा डबा फळीवरून उतरवलेल्या बायका त्यानंतर मला बऱ्याच भेटल्या, हेही सांगायला हवं. तीन बोटांच्या परीक्षेलाही अप्पांनी नवा भाग जोडला: बोटं गेली तरी आरशापुढे उभं राहून गाल ओढून बघायचं. "आन् आपला बघून झाला की घरच्यांचा बघायचा. गावाचा नंतर."

गेल्या वर्षी अप्पा गेले. कॅन्सरनं नाही. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. डॉक्टर हृदय म्हणाले. शोकसभेत एका मान्यवरांनी 'कर्करोगाशी झुंजता झुंजता' असं म्हटलं, दुसऱ्यांनी दुरुस्ती न करता तेच पुढे नेलं, आणि सर्वांनी मिळून अप्पांचा वारसा पुढे चालवायचं ठरवलं. त्यासाठी एक समिती नेमली. समितीच्या अध्यक्षांनी पहिली बैठक घेतल्याचं अद्याप ऐकिवात नाही.

अक्का व्यासपीठावर गेल्या नाहीत. त्यांना माइक आवडत नाही आणि कुणाला तोंड उघडायला सांगणं त्यांना असभ्य वाटतं. पण आमच्या सोसायटीत वाट्यांची ये-जा अजून आहे, आणि अक्का आलेल्या प्रत्येक वाटीतलं बोटानं चाटून बघतात. आमटी फिकी लागली की हातातलं काम टाकून त्या घरी जातात, करणारीला बाजूला घेतात आणि दुसऱ्या दिवशी स्वतः रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडे नेतात.

आतापर्यंत त्यांनी दोघींना नेलं. एकीच्या गालात चट्टा निघाला, वेळेवर निघाला, काढला. दुसरीच्या तोंडात काहीच सापडलं नाही. ती पुण्याची होती.